अंतराळाच्या टॅटूत पांढरी शाई: मृग नक्षत्राचं एक डिझाइन घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत

पांढऱ्या शाईची बाटली सगळ्यात शेवटी उघडायची. अंतराळाचा टॅटू करायला बसलेल्या नव्या आर्टिस्टला एकच गोष्ट सांगायची झाली तर मी हीच सांगेन. तारे उजळतात ते भोवतालच्या काळ्यामुळे. पांढरी शाई शेवटी येते आणि त्यातल्या मोजक्या ताऱ्यांना उठाव देते, इतकंच तिचं काम. हे कळायला मला तीन-चार वर्षं आणि एका मैत्रिणीचा खांदा खर्ची घालावा लागला.

मशीन हातात धरून काही महिने झालेत, रेघ सरळ येते, शेडिंग जमायला लागलंय आणि आता कुणीतरी “मला गॅलॅक्सी करून दे” म्हणत समोर बसलंय, अशांसाठी हे लिहितेय. टॅटू करून घेणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, म्हणजे आर्टिस्टला काय विचारायचं ते कळेल. सगळं हवेत राहू नये म्हणून एकच डिझाइन धरून चालू: हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून कोपरापर्यंत मृग नक्षत्र. मृगाच्या पोटात एका ओळीत तीन तारे असतात, तो व्याधानं मारलेला बाण. ती ओळ एका बाजूला वाढवली की व्याधाचा तारा लागतो, दुसऱ्या बाजूला वाढवली की रोहिणी आणि तिच्याही पुढे कृत्तिका. हाताच्या लांबीला ही रेघ इतकी छान बसते की मला हे डिझाइन करताना दरवेळी नव्यानं आनंद होतो.

आधी त्वचा समजून घ्या

शाई त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात टिकत नाही, कारण तो थर सतत झडत आणि नव्यानं बनत असतो. ती त्याखालच्या थरात, साधारण १ ते २ मिलिमीटर खोलीवर बसते. म्हणजे बऱ्या झालेल्या टॅटूवर कायम त्वचेचा एक थर पसरलेला असतो, त्या थरात आपल्या रंगाचं मेलॅनिन असतं आणि टॅटू आपल्याला त्याच्यातून दिसतो. आजीच्या हातावरचं गोंदण आठवा. काजळी काळी, पण हातावर ते निळसर-हिरवं दिसतं, कारण त्वचेत प्रकाश विखुरतो आणि त्यातला निळा भाग जास्त परत येतो. काळ्याची ही गत, मग पांढऱ्याचं काय होईल?

पांढऱ्या शाईतला रंग म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. भिंतीच्या रंगात, टूथपेस्टमध्ये, सनस्क्रीनमध्ये वापरतात तेच. बाटलीत ते दुधासारखं शुभ्र असतं. त्वचेखाली गेलं की पांढऱ्या भिंतीसमोर कोऱ्या चहाच्या रंगाची काच धरल्यासारखं होतं. गोऱ्या त्वचेत ते हस्तिदंती दिसतं, गव्हाळ त्वचेत सायीसारखं पिवळसर आणि सावळ्या त्वचेत त्वचेपेक्षा दोन-तीन छटा उजळ. त्यात फसवण्यासारखं काही नाही, हा त्वचेचा स्वभाव आहे. फसवणूक होते ती ताज्या टॅटूचा फ्लॅश मारलेला फोटो दाखवून तसंच राहील असं सांगितलं जातं तेव्हा.

सावळ्या रंगावर टॅटू खुलत नाही म्हणून लोकांना परत पाठवणारे आर्टिस्ट मी पाहिलेत आणि त्याचा मला मनापासून राग येतो. खुलतो. फक्त दुधासारखे तारे मिळतील असं कबूल करायचं नाही. भोवती गर्द काळं, मध्ये सोडलेली त्वचा आणि त्या त्वचेत पांढऱ्याचा एक ठिपका, अशी तीन पायऱ्यांची चढण केली की सावळ्या हातावरचा व्याध सहा फुटांवरून ओळखू येतो.

शंका असेल तर टेस्ट करा. जिथं टॅटू येणार आहे तिथंच, काळ्यानं झाकली जाईल अशा जागी पांढऱ्याचे चार ठिपके द्या आणि सहा आठवडे थांबा. क्लायंटला थांबायचं नसतं, हे मलाही माहीत आहे. तरी विचारून बघा, कारण बरे झालेले ते चार ठिपके शंभर फोटोंपेक्षा खरं बोलतात.

याच वेळी बाकीची चौकशीही उरकून घ्या. वय १८ पूर्ण आहे का, मधुमेह आहे का, रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत का, गरोदरपण, आधी कुठल्या शाईची ॲलर्जी आली होती का. आणि जखमेचा व्रण फुगून वाढतो का, म्हणजे केलॉइडची सवय आहे का, हे कान टोचल्याची जागा बघून विचारा. छाती आणि खांदा या जागी केलॉइडचा धोका जास्त. पांढरं भरताना आपण तीच जागा पुन्हा पुन्हा टोचतो, म्हणून इथं हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. उत्तर हो असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवायचं. तीळ असलेल्या जागेवर काहीही करायचं नाही. तो तिथंच राहू द्या आणि नक्षत्र थोडं सरकवा.

खाकी कागदावरचा सराव

सिलिकॉनच्या सरावाच्या त्वचेवर पांढरी शाई देखणी दिसते, आणि तिथंच नवे लोक फसतात. तिला मेलॅनिन नाही, रक्त नाही, सूज नाही, ती बरी व्हायची नाही. तिच्यावर हात स्थिर करायला शिका, रंगाचा अंदाज मात्र तिच्यावरून बांधू नका.

त्यापेक्षा वह्यांना कव्हर घालतो तो खाकी कागद घ्या. तो आपल्या त्वचेच्या रंगाच्या बराच जवळ जातो. त्यावर काळी आणि रंगीत पेन्सिल घेऊन मृग नक्षत्र काढा, पण ताऱ्यांच्या जागी खाकी कागद तसाच सोडा. पांढऱ्याला हात न लावता चित्र पूर्ण करा. भिंतीला टेकवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा आणि बघा. आकाश दिसत असेल तर डिझाइन बरोबर आहे. दिसत नसेल तर पांढऱ्या पेनानं ते वाचणार नाही, काळं वाढवावं लागेल. हे झाल्यावरच पांढरं जेल पेन घ्या आणि मोजून पंधरा ठिपके द्या. पंधरात भागलं पाहिजे.

बारीक तारे पेरायची माझी एक युक्ती आहे. आपला हात स्वतःहून पेरायला लागला की ठिपके भाताच्या रोपांसारखे सारख्या अंतरावर पडतात, आणि आकाशात तसं नसतं. म्हणून मी काळ्या कागदावर चिमूटभर खसखस टाकते, कागदाला खालून एक टिचकी मारते आणि फोटो काढते. कुठं दाणे गोळा होतात, कुठं मोकळं रान राहतं. तोच फोटो ट्रेस करायचा.

स्टेन्सिल, आणि उलटं झालेलं नक्षत्र

नाव उलटं छापलं गेलं तर लगेच कळतं. नक्षत्र उलटं छापलं गेलं तर आर्टिस्टला कळत नाही, क्लायंटला कळत नाही, आणि दोन वर्षांनी आकाश ओळखणारं कुणीतरी भेटतं. स्टेन्सिल, म्हणजे त्वचेवर उमटवायचा डिझाइनचा छाप, हातानं काढा किंवा थर्मल प्रिंटरवर, त्वचेवर उमटल्यावर ते आरशातलं तर झालं नाही ना, हे इथंच तपासायचं.

तपासायची खूण सोपी आहे. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री आठ-साडेआठला दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं की मृग वर, जवळजवळ डोक्यावर असतो. चार कोपऱ्यांतले चार तारे म्हणजे त्याचे पाय. वरचा डावा तारा तांबूस, तो काक्षी. खालचा उजवा निळसर पांढरा, तो राजन्य. व्याध खाली डावीकडे, रोहिणी वर उजवीकडे. हाताच्या लांबीत बसवण्यासाठी सगळं डिझाइन फिरवलं तर चालतं, फिरवल्यानं नक्षत्र बिघडत नाही. पण तांबूस तारा वर आणि निळसर तारा खाली धरून बघितल्यावर व्याध उजव्या हाताला यायला लागला, तर स्टेन्सिल पुसा आणि पुन्हा लावा.

स्टेन्सिलमध्ये फक्त ताऱ्यांच्या जागा आणि ग्रह वगैरे असेल तर त्याची कड एवढंच घ्या. तेजोमेघाच्या, म्हणजे आकाशातल्या वायू-धुळीच्या ढगाच्या, कडा स्टेन्सिलनं काढल्या की त्या नकाशातल्या बेटासारख्या कडक होतात. तो भाग त्वचेवर थेट सर्जिकल मार्करनं काढा, मनगट वळवून बघा, स्नायूचा उंचवटा कुठं येतो ते बघा.

आता सगळ्यात कामाचं माप. मी ताऱ्यांचे तीन आकार धरते: खसखस, मोहरी आणि ज्वारी. ज्वारीएवढे तारे दोन-तीनच, आपल्या डिझाइनमध्ये व्याध, काक्षी आणि राजन्य. मोहरीएवढे म्हणजे बाणाचे तीन, उरलेले दोन पाय आणि रोहिणी. बाकी सगळी खसखस. ज्वारी आणि मोहरीसाठी काळ्यात त्वचा मोकळी सोडायची, आणि थोडी सैल सोडायची, कारण वर्षं जातात तशी काळी शाई कडेनं किंचित पसरते आणि भोक लहान होत जातं. खसखशीएवढं भोक सोडण्यात अर्थ नाही, ते बुजणारच. ते तारे नंतर पांढऱ्या शाईनं द्यायचे. ताऱ्याभोवती बाह्यरेषा मात्र कधीही काढू नका. रेषा काढली की तो तारा राहत नाही, मणी होतो.

काळं आणि रंग

गडद आधी, फिकट नंतर, पांढरं शेवटी. हा क्रम मोडला की फिकट रंगावरून काळ्याचं फडकं फिरतं आणि नुकत्याच टोचलेल्या प्रत्येक छिद्रात काळं शिरतं.

काळं सगळीकडे सारखं भरू नका. मोठ्या ताऱ्यांच्या लगत सगळ्यात गर्द, तेजोमेघाकडे जाताना विरळ होत जाणारं. मॅग्नम (ओळीत मांडलेल्या सुया) किंवा राउंड शेडरनं (शेडिंगसाठीची सुयांची गोल जुडी), ताऱ्याच्या कडेपासून सुरुवात करून बाहेर झटकत न्या, म्हणजे कड स्वच्छ राहते आणि पुढं रंग आपोआप विरतो.

बाणाच्या खाली तलवारीसारखी लोंबणारी अंधूक ओळ दिसते, तिच्या मधोमध मृगातला प्रसिद्ध तेजोमेघ आहे, मेसिए या खगोलशास्त्रज्ञाच्या यादीतला ४२वा. साधारण १,३०० प्रकाशवर्षं दूर. त्याच्या पोटात चार तरुण तारे जवळजवळ आहेत आणि त्यांच्या प्रकाशानं भोवतीचा वायू उजळतो. हायड्रोजनमुळे गुलाबी-लाल, धुळीवरून परावर्तित प्रकाशामुळे काही ठिकाणी निळसर. नुसत्या डोळ्यांना तो राखाडी धूसर दिसतो, रंग फोटोत येतात. आपल्या कामाची गोष्ट ही, की प्रकाश आतून बाहेर येतोय. म्हणून बाहेर गर्द निळा-जांभळा, मग किरमिजी, मग फिकट गुलाबी आणि अगदी मध्ये चण्याच्या डाळीएवढी मोकळी त्वचा.

फिकट गुलाबी आणि फिकट निळा बनवायला पांढरी शाई इंक कॅपमध्ये, म्हणजे शाईच्या छोट्या वाटीत, मिसळायची. माझ्या मते अंतराळाच्या टॅटूत पांढऱ्याचा सगळ्यात मोठा उपयोग हा आहे. नुसता पांढरा बरा झाल्यावर मंदावतो, तोच रंगात मिसळला की रंगाला आतून उजेड देतो. गव्हाळ त्वचेत फिकट निळा हिरवटाकडे झुकताना मी पाहिलाय, म्हणून त्यात जांभळ्याचा अर्धा थेंब टाकते. मिसळण्यासाठी बाटलीत काहीही ओतायचं नाही, जे करायचं ते कॅपमध्ये, आणि पातळ करायचंच झालं तर निर्जंतुक पाण्यानं. नळाचं पाणी नाही, फिल्टरचंही नाही.

आजच, की दुसऱ्या सिटिंगला?

इथं मैत्रिणीच्या खांद्याची गोष्ट. सुरुवातीच्या दिवसांत तिच्या खांद्यावर मी गॅलॅक्सी केली. पाच तास काळं आणि रंग भरून झाले, त्वचा लाल होऊन सुजली होती, आणि तशा ओल्या काळ्यात मी चाळीसेक पांढरे ठिपके दिले. त्या संध्याकाळचा फोटो इतका सुंदर आला की आम्ही दोघी कितीतरी वेळ तो बघत बसलो. दोन महिन्यांनी ती आली आणि बाही वर करून म्हणाली, “अगं, तारे कुठं गेले?” निम्मे गेलेच होते. उरलेले चुलीतल्या राखेच्या रंगाचे. ओल्या काळ्यातून सुई पांढऱ्यासोबत काळंही आत घेऊन गेली होती, आणि ती चूक पूर्णपणे माझी होती.

तेव्हापासून माझा नियम असा: ज्वारी आणि मोहरीच्या मोकळ्या त्वचेत पांढरं त्याच दिवशी चालेल, सिटिंग तीन तासांच्या आत असेल तर. खसखशीचे तारे, म्हणजे थेट काळ्यावर पडणारे, नेहमी दुसऱ्या सिटिंगला, किमान सहा आठवड्यांनी. काळं बसलेलं असतं, सूज नसते, पुसताना काळं पसरत नाही. तरीही काळ्यावरचं पांढरं थोडं निळसर राखाडी येतं, पण आकाशात सगळेच तारे सारखे तेजस्वी नसतात, त्यामुळे ही उणीव इथं शोभून जाते. क्लायंटला दुसरी सिटिंग आधीच सांगा आणि तिचे पैसे पहिल्या दिवशीच्या रकमेत धरा. नंतर वेगळे मागितले की लोक येत नाहीत आणि टॅटू अर्धवट राहतो.

पांढऱ्याची तयारी

पांढरं घेण्याआधी टेबल जवळजवळ नव्यानं मांडायचं. ग्लोव्ह्ज बदला. काळ्यात बुडवलेलं कार्ट्रिज (सुया बसवलेली, मशीनला लावायची नळी) कितीही धुतलं तरी त्यात काळं राहतं, म्हणून नवं सीलबंद कार्ट्रिज. नवी इंक कॅप, नवं पाणी, टिश्यूचा नवा गठ्ठा. स्टेन्सिलची जांभळी शाई ताऱ्याच्या भोकात राहिलेली असते, ती ग्रीन सोपनं हलक्या हातानं पूर्ण काढा. ही जांभळी सुईबरोबर आत गेली तर पांढरा मळका दिसतो. मग तेवढ्याच जागेवर व्हॅसलिनचा पातळ थर, म्हणजे आजूबाजूचा रंग भोकात उतरत नाही.

बाटली चांगली मिनिटभर हलवा. टायटॅनियमचे कण जड असतात, तळाशी बसतात. न हलवता ओतलं तर वरचं पाणचट आणि संपत आलं की खालचा लगदा हाती येतो. बाटलीवर बॅच नंबर आणि मुदत छापलेली हवी, सील तुमच्या हातानं फुटलेलं हवं. नावाजलेल्या शाईच्या नकली बाटल्या बाजारात फिरतात, तेव्हा स्वस्त मिळतेय म्हणून घेऊ नका.

सुई फार बारीक नको. कार्ट्रिजवरचा पहिला आकडा सुईची जाडी सांगतो: १२ म्हणजे ०.३५ मिलिमीटर, १० म्हणजे ०.३०, ०८ म्हणजे ०.२५. पुढचा आकडा सुया किती ते सांगतो. पांढरी शाई दाट असल्यानं ०८ मध्ये अडकते, वाहत नाही, आणि मग आपण जोर लावतो. खसखशीला १२०३ राउंड लायनर (रेघेसाठीची सुयांची गोल जुडी), मोहरीला १२०५, ज्वारी भरायला ७चा राउंड शेडर एवढ्यात भागतं.

ठिपका कसा द्यायचा

त्वचा दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं आणि तर्जनीनं ताणून धरा. ताण सुटला की ठिपका लांबट होतो. सुई शाईत बुडवा, मशीन चालू ठेवा, त्वचेला काटकोनात टेकवा, “एक” म्हणायला लागतो तेवढा वेळ थांबा आणि सरळ वर उचला. तिरकी उचलली तर ठिपक्याला शेपूट येतं. त्वचेवर शाईचा एक थेंब मोत्यासारखा उभा राहील. तो लगेच पुसायची घाई नको, शेजारचे चार-पाच ठिपके देऊन घ्या. मग ओल्या टिश्यूचं टोक करून वरून टिपा. घासायचं नाही. पुसावंच लागलं तर पांढऱ्याकडून काळ्याकडे, कधीही उलट नाही.

थेंब टिपल्यावर ठिपका गुलाबी दिसेल. नव्या आर्टिस्टला वाटतं की शाई गेलीच नाही, आणि तो पुन्हा टोचतो. शाई गेलेली असते, तुम्हाला दिसतं ते रक्त आणि सूज. दहा मिनिटं दुसरीकडे काम करून परत बघा. ज्वारीएवढी जागा भरताना छोटी वर्तुळं काढत दोनदा फिरायचं, तिसऱ्यांदा नाही. त्वचा चमकायला लागली, लिबलिबीत लागली, रक्ताचे बारीक थेंब सतत यायला लागले की थांबा. त्या जागी आज शाई राहणार नाही, फक्त व्रण राहील. पांढऱ्या व्रणाला लोक पांढरी शाई समजतात, पण तो फुगीर असतो आणि बोटाला लागतो.

शेवटच्या तासात क्लायंट दमलेला असतो, त्वचा तापलेली असते आणि पांढऱ्याचं दुखणं जास्त जाणवतं. पाणी द्या, काही गोड खायला द्या, दहा मिनिटं उठून चालू द्या.

रंगीत तारे आणि किरणं

सगळे तारे पांढरे करू नका. आपल्याच डिझाइनमध्ये बघा: काक्षी आणि रोहिणी तांबूस-नारिंगी, राजन्य निळसर, कृत्तिका निळसर. खरा शुभ्र हवा तो एकट्या व्याधाला, रात्रीच्या आकाशातला तोच सगळ्यात तेजस्वी तारा. त्यामुळे काक्षीच्या मोकळ्या जागेत फिकट नारिंगी भरून मध्यावर पांढऱ्याचा एकच ठिपका, राजन्यला फिकट निळा आणि तसाच ठिपका. हे रंग आपल्या त्वचेत नुसत्या पांढऱ्यापेक्षा कितीतरी जास्त टिकून दिसतात. ज्येष्ठा, अभिजित किंवा दुसरा कुठला तारा असेल तर त्याचा खरा रंग शोधा. लोक नक्षत्र बहुतेक वेळा आई-वडिलांसाठी, मुलासाठी, कुणाच्या तरी आठवणीसाठी काढून घेतात. तेवढे कष्ट आपण घ्यायलाच हवेत.

मोठ्या ताऱ्याला किरणं हवी असतात. फोटोतली ही किरणं दुर्बिणीच्या रचनेमुळे उमटतात. हबलच्या फोटोत तेजस्वी ताऱ्याला चार किरणं असतात, जेम्स वेबच्या फोटोत सहा ठळक आणि दोन अंधूक. एका टॅटूत एकच दुर्बीण निवडा आणि सगळ्या ताऱ्यांची किरणं एकाच दिशेनं ठेवा, नाहीतर बघणाऱ्याला काहीतरी खटकतं आणि काय ते सांगता येत नाही. किरण काढताना मध्यापासून सुरुवात करून बाहेर झटकत सुई उचलायची, म्हणजे टोक आपोआप निमुळतं होतं. आमच्या डिझाइनमध्ये मी फक्त व्याधाला किरणं देते, दुसऱ्या सिटिंगला.

शनी असेल तर कड्यांच्या उजेडाकडच्या काठाला पांढऱ्याची एक केसासारखी रेघ, आणि कड्यांमधली कॅसिनीची फट काळीच. चंद्राला पांढरं अगदी कमी: त्वचा हाच त्याचा उजेड, विवरांच्या एका काठाला दोन-चार ठिपके पुरे. अंधारात चमकणारे तारे हवेत असं कुणी म्हणालं, तर साधी पांढरी शाई चमकत नाही हे स्पष्ट सांगा. अतिनील दिव्याखाली उजळणाऱ्या शाया वेगळ्या असतात, त्या मी वापरत नाही.

घरी गेल्यावर

पहिले काही दिवस बिनवासाच्या साबणानं हलकं धुणं, टिपून कोरडं करणं आणि मलमाचा किंवा लोशनचा पातळ थर, हे तुम्ही सगळ्याच टॅटूंना सांगत असाल. पांढऱ्यासाठी चार गोष्टी जास्तीच्या सांगा.

हळद लावायची नाही. घरातलं कुणीतरी प्रेमानं लावणारच, म्हणून क्लायंटला निघताना पुन्हा एकदा सांगा. ती उघड्या जखमेसाठी निर्जंतुक नसते आणि पांढऱ्याला पिवळं करून बसते. नवी जीन्स किंवा रंग जाणारा काळा कुर्ता त्या जागेवर घासू द्यायचा नाही. रंगपंचमी महिन्याभरात असेल तर तारीख पुढं ढकला. खपली काढायची नाही. पांढऱ्याच्या ठिपक्यावरची खपली खसखशीएवढीच असते, नखानं सहज निघते आणि तारा घेऊन जाते. पोहायला तीन आठवडे सुट्टी. नंतर आयुष्यभर उन्हात जाताना सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त, पण त्वचा पूर्ण बरी झाल्यावरच. उन्हानं त्वचा रापते आणि रापलेल्या त्वचेखाली पांढरा आधी बुडतो.

आणखी एक गोष्ट क्लायंटला सुई लावण्याआधी सांगणं मी माझं कर्तव्य समजते. पुढं कधी लेझरनं टॅटू काढायचा विचार आला, तर पांढरी शाई लेझरखाली उजळत नाही, उलट करडी-काळी पडू शकते. टायटॅनियम डायऑक्साइडची त्या उष्णतेत रासायनिक घडण बदलते. फिकट गुलाबी, फिकट निळा यांतही तेच मिसळलेलं असतं, म्हणजे गॅलॅक्सीचा निम्मा भाग. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञ आधी एका कोपऱ्यावर चाचणी करून बघतात. हे ऐकून कुणी उठून गेलं तर जाऊ द्या.

सहा आठवड्यांनी

दुसऱ्या सिटिंगला क्लायंट आला की लगेच मशीन काढू नका. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात हात बघा आणि फ्लॅश बंद करून फोटो काढा. तुमच्या कामाच्या अल्बममध्ये ताज्या फोटोशेजारी हाच फोटो लावा. पुढच्या क्लायंटला दोन्ही दाखवा.

मग पहिल्या दिवशीचं डिझाइन शेजारी धरून मोजा. बाणाचे तीनही शाबूत आहेत का, व्याधाच्या मध्ये पांढरं उरलंय का. जिथं गेलंय तिथंच एकेक ठिपका, टिकलेल्यावर पुन्हा नाही. व्याधाची किरणं आता घ्या, मग खसखस, आणि सगळ्यात शेवटी कोपराजवळची कृत्तिका. नुसत्या डोळ्यांना तिच्यात साधारण सहा तारे दिसतात, म्हणून ठिपके सहाच. ते इतके जवळ असतात की सलग दिले तर सूज येऊन एकमेकांत मिसळतात. मी एक देते, पाच मिनिटं थांबते, त्याच्यापासून लांबचा दुसरा देते, असे सहा व्हायला अर्धा तास जातो. तेवढा वेळ हातात नसेल तर कृत्तिका त्या दिवशी सुरूच करू नका.